पणजोबाच्या कबरीत एकच जागा

अण्णा, गेल्या मंगळवारी तुला पुरलं आणि बुधवारपासून लोक मला श्रद्धांजली वाहायला लागले.

तुझ्या कबरीचा फोटो कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली फुलांचा ढीग, वर जुना दगड आणि दगडावर काळ्या आईलपेंटनं ठळक केलेलं एकच नाव, पास्काल. ते आपल्या पणजोबाचं नाव, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. पण पणजोबाला ओळखणारं माणूस आता पृथ्वीवर उरलेलं नाही. लोकांना माहीत असलेला पास्काल मी एकटाच. पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला. मी उचलला. पलीकडं नुसता हुंदका. मी म्हणालो, "अगं, मीच बोलतोय." तिनं किंचाळून फोन टाकला. वखारीतला जुना सोबती तर हार घेऊन निपाणीच्या घरी आला. दार मीच उघडलं. त्यानं हाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आणलाच हाय तर घाल की गळ्यात. परत न्हेला तर बायको बोलंल."

घातला. झेंडूचा होता. तुझ्या पेटीवर पडले त्यापेक्षा ताजा.

म्हणजे बघ, शेवटी कसं जमवलंस. नाव माझं, जागा तुझी. आणि ज्या जागेसाठी आपण म्हातारपणी एकमेकांचे साखरेचे रिपोर्ट चोरून वाचले, तिथं खरं काय निघालं ते तुला अजून ठाऊक नाही. की होतं? ते मी पुढं विचारणारच आहे. आधी वाचणाऱ्यांना गोष्ट सांगू दे. तू जरा कान बंद कर. नाहीतरी डावा बंदच होता.

तू माझा थोरला चुलतभाऊ, इनास. खासबागेत राहणारा, शाळेतला ड्रिल मास्तर. मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत पानाची प्रत लावणारा कारकून. तुझ्या गळ्यात शिट्टी, माझ्या अंगाला वास. आपल्या चर्चमागचं जुनं कब्रस्तान भरलं आणि कमिटीनं हिंडलग्याकडं, जेलाच्या भिंतीला लागून, नवी जागा घेतली, तेव्हापासून तुझी झोप उडाली.

"जन्मभर जेलाच्या बाहेर राहिलो, पास्क्या," तू म्हणालास. "आता मेल्यावर जेलाच्या शेजारी जाऊ व्हय?"

कमिटीचा नियम सोपा होता. जुन्या जागेत ज्याला घरच्या माणसाची कबर दाखवता येईल, त्याच्यासाठी ती उघडायची. आतल्या माणसाची हाडं पांढऱ्या कापडाच्या पिशवीत भरून नव्या पेटीच्या पायाशी ठेवायची आणि वर माती लोटायची. मात्र एकदा उघडली की पुढची पंधरा वर्षं त्या कबरीला हात लावायचा नाही. आपला आजा, आपले बाप कुठं कुठं पुरले गेले, कोण कोल्हापूरला, कोण मिरजेच्या दवाखान्यामागं. या कब्रस्तानात आपला म्हणावा असा एकच माणूस, पणजोबा. म्हणजे आपण दोघं, आणि जागा एक. पहिल्यांदा मरेल त्याची.

"थोरल्या घरचा मी," तू म्हणालास.

"दगडावर नाव माझं," मी म्हणालो.

दगड तेव्हा सापडलाही नव्हता. आपण आधी भांडलो, मग शोधायला लागलो.

दर रविवारी मी निपाणीहून बसनं यायचो. चर्चात मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, झाली की फादरांच्या ऑफिसात जुनी दफनाची वही. आपले फादर चिकोडीकडचे, वयानं तुझ्या मुलाएवढे. मराठी बोलताना मधनंमधनं कानडी 'री' लावणार. ते वहीची पानं आपल्याला उलटू द्यायचे नाहीत. तू एकदा थुंकी लावून पान उलटलंस ना, तेव्हापासून. वाळवीनं कडा खाल्लेल्या, शाई फिकी झालेली, लिहिणारा पाद्री परदेशी, त्याला आपली नावं कळत नव्हती. तरी एका पानावर पणजोबा सापडला. पास्काल, कँपातला, चिंचेच्या झाडाखाली पुरला. पुढच्या रकान्यात त्याचा धंदा असणार, पण तो रकाना वाळवी जेवून गेली होती.

तू पान बघून छाती फुगवलीस. "पलटणीत बिगूल वाजवायचा. आजा सांगायचा मला."

"आजा मला सांगायचा, मेसमधी आमटी ढवळायचा म्हणून."

"आजा तुझ्याशी बोलायचा तरी काय रं?"

"खोटं बोलायचं असलं की तुझ्याकडं जायचा."

फादरांनी वही मिटली. "जावा री आता. माझं जेवण व्हायचं हाय."

दगड सापडला तो वाटेच्या कडेच्या पहिल्याच रांगेत. पाऊस, शेवाळ आणि बसणाऱ्या पोरांच्या पाटलोणी यांनी इतका झिजलेला, की त्याला पाट म्हणावं की थडगं, कळेना. वरच्या बाजूला काहीतरी कोरलेलं होतं. एक लांब दांडी आणि टोकाला पसरट वाटीसारखं काही. तू लगेच सावधानमध्ये उभा राहिलास. "बिगूल!" मी खाली बसून बघितलं आणि म्हणालो, "पळी." मग जे भांडण सुरू झालं त्याचा अजून निकाल नाही.

अक्षरं वाचायची तर ती भरून काढायला पाहिजेत, ही अक्कल माझी. मी वखारीतली तंबाखूची भुकटी घेऊन आलो आणि दगडावर चोळली. तुला वीस शिंका आल्या असतील. पलीकडं एका म्हातारीचं दफन चालू होतं, तिकडं वारा गेला. फादर शिंकले, पेटी धरणारे शिंकले, तिची सून तर अशी शिंकली की तिचं रडं थांबलं. तू मात्र बाजूला होऊन लोकांना सांगत होतास, "ह्यो माझा कोण न्हवं. निपाणीचा हाय."

दुसऱ्या रविवारी मी तुझ्या घरातनं रोजा वहिनींच्या डब्यातली हळद आणली. हळद बसली. पिवळ्याधमक दगडावर अक्षरं उमटली, पास्काल. एवढंच. आडनाव गळून पडलेलं. तुझे डोळे भरून आले होते, मी बघितलं, पण तू शिट्टी पुसायचं निमित्त काढलंस. मी आनंदानं पाठीमागं सरकलो आणि म्हातारीसाठी खणून चुकलेल्या, अर्धवट बुजवलेल्या खड्ड्यात कंबरेपर्यंत गेलो. तू वरनं बघून म्हणालास, "घाई करू नकोस. आधी कोण मरतंय ते ठरू दे."

पण खरी फजिती त्याच्या पुढच्या रविवारी. आपण गेलो तर दगडापुढं नारळ फोडलेला, ऊदबत्ती, लिंबू आणि बाजूला मूठभर तांदूळ. शेजारच्या शेतातली गंगाक्का हात जोडून उभी.

तू ओरडलास, "ए बाई, हे काय लावलंस?"

"देव हाय न्हवं ह्यो? भंडारा लावल्याला दिसला म्हणून आलते." तिनं पदर सावरला. "माझी म्हस आडली होती. हितं नारळ बोलले आन घरात जाईस्तवर व्याली. लई कडक हाय."

"देव न्हाय. आमचा पणजोबा हाय त्यो."

"आसंल की. तुमच्यातला असला म्हणून काय झालं? पावतोय न्हवं?"

फादरांना कळलं. त्यांनी आपल्याला ऑफिसात बोलावून विचारलं, आवारात दुसरा देव कुणी बसवला. मी तुझ्याकडं बोट केलं, तू माझ्याकडं. बाहेर पडल्यावर तू घरापर्यंत तोंड पाडून चाललास. मग खासबागेच्या वळणावर थांबून म्हणालास, "पणजोबा आपला. आणि पावतोय तिच्या म्हशीला. माझ्या गुडघ्याचं म्या किती वर्षं मागतोय."

अशी आपली वंशावळ.

तू रांगेचा माणूस होतास, हे सांगायचं राहिलंच. चपला रांगेत, ताटं रांगेत, जेवायला बसलेली नातवंडं उंचीप्रमाणं. लग्नात आहेर देणाऱ्यांनासुद्धा तू शिट्टी मारून सरळ केलं होतंस. तरुणपणी बिशप येणार म्हणून कब्रस्तान कसं झाडून चकाचक केलंस, हे तू प्रत्येक पाहुण्याला सांगायचास. "जंगल होतं नुसतं. मी शाळेची पोरं लावली आणि एका दुपारात परेडीला उभं केलं सगळं. बिशपनी माझ्या खांद्यावर हात ठेवला." त्या खांद्यावर तू पुढं कितीतरी दिवस कुणाला हात ठेवू दिला नाहीस. मी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली, की ऐकायचंच बंद केलं. हा माझा नेहमीचा गाढवपणा. सांगणारा तोच असला की सांगितलेलं काय आहे याच्याकडं माझं लक्ष राहत नाही.

वहीत चिंचेचं झाड होतं. दगड होता तिथून चिंच कुठं दिसत नव्हती. मागं, पार कुंपणाच्या कोपऱ्यात, एक जुनं चिंचेचं खोड होतं तेवढंच. मी म्हणालो, "अण्णा, झाड तिकडं आणि दगड हिकडं कसा?" तू म्हणालास, "हिकडं पण असंल एक. तोडलं असंल." मी एकदा लोखंडी पहार घेऊन आलो, दगडाखाली जरा ठोकून बघू म्हणून. तू अशी शिट्टी फुंकलीस की गंगाक्काची म्हैस दावं तोडून पळाली.

"झोपलेल्या माणसाला टोचतोस? लाज न्हाय तुला?"

मी पहार खाली ठेवली. मला वाटलं, पणजोबाविषयी माया. आता मला दुसरंच काहीतरी वाटतं.

मग आजारपणं सुरू झाली आणि शर्यत रंगली. माझ्या छातीत कळ आली तेव्हा तू दवाखान्यात आलास, फळं न आणता. खाटेवर वाकून हळूच विचारलंस, "खरं सांग, जमतंय का ह्या खेपेला?" नर्सनं तुला बाहेर काढलं. मी वाचलो तेव्हा तू इतका चिडलास की पेढे मागवलेस. तुझी किडनी गेली तेव्हा मी येऊन तुझा रिपोर्ट बघितला आणि म्हणालो, "पहिला नंबर तुझा, अण्णा. मी दुसरा." रोजा वहिनी आतून म्हणाल्या, "तुमची जीभ हाय का सुरी हाय, भावजी?" तू मात्र मुलाला हाक मारून सांगितलंस, "पास्क्याला चहा दे. साखर घालून दे. जास्त."

त्यानंतर तू तयारी केलीस. पेंटर बोलावून दगडावरचं नाव रंगवून घेतलंस. शहापूरच्या मागावरचं कोरं पांढरं कापड आणवलंस आणि वहिनींना पिशवी शिवायला सांगितलीस, पणजोबाच्या हाडांसाठी. तोंडाला नाडी, एका बाजूला लाल दोऱ्याचा क्रूस. वहिनी ती शिवताना तू समोर बसून मापं सांगत होतास. मांडीचं हाड लांब असतं, म्हणालास. बिगूलवाला म्हणजे उंच असणार.

"आमटी ढवळायला बुटकाच बरा पडतो," मी म्हणालो.

शेवटचा भेटलो तेव्हा तुझा आवाज गेला होता. तू बोटानं मला जवळ बोलावलंस. "हाडं तू भरायची. कामगारावर सोडू नकोस. नीट बघून भर."

"आधी मर तर खरं. गेल्या महिन्यात पण असंच सांगून उठून बसलास आणि मटण खाल्लंस."

तू हसलास, मग खोकलास, मग बराच वेळ नुसता छताकडं बघत राहिलास. मला वाटलं आता काहीतरी सांगणार. तू म्हणालास, "बिगूलच हाय त्यो."

मी म्हणालो, "पळी."

झालं. आपल्या दोघांतला शेवटचा शब्द. लोकांचे भाऊ जाताना क्षमा मागतात, आशीर्वाद देतात. मी तुला स्वयंपाकघरातलं एक भांडं हातात देऊन पाठवलं. मला आणखी काही सांगायचं होतं का? होतं. पण तू बिगूल म्हटल्यावर गप्प बसणं मला कधी जमलंय?

मंगळवारी सकाळी मी पिशवी घेऊन कब्रस्तानात गेलो. दफन चारला होतं. खणायला शिद्राम होता, आणि फादर लक्ष ठेवायला. दगड जरा मागं सरकवला आणि शिद्रामनं कुदळ मारली. वरची वीतभर माती निघाली आणि मग ठण्ण. दुसरा घाव, पुन्हा ठण्ण. तांबडा, कोरा मुरूम. कुदळीच्या टोकाला ठिणगी. मी तंबाखूतला माणूस, मातीतलं मला काय कळतं, पण एकदा खणून भरलेली जागा अशी नसते हे मलासुद्धा दिसत होतं.

शिद्रामनं कपाळ पुसलं. "सायेब, हितं कोण ऱ्हायला आलंच न्हाय कधी."

"अजून खोल असंल."

"खोल कुठं असतंय? आभाळातनं उतारला काय त्यो?"

तरी मी त्याला खणायला लावलं. पुरुषभर खोल गेला. मुरूम आणि मुरूम. पणजोबाचं एक बटणसुद्धा नाही. मी काठावर उभा, हातात क्रूसवाली रिकामी पिशवी. काही सुचेना म्हणून बाजूला बघितलं. रांगेतला शेजारचा दगड. त्याच्या पलीकडचा. त्याच्या पलीकडचा. सगळे सारख्या अंतरावर, खांदे एका रेषेत, वाटेकडं तोंड करून. मरणारी माणसं एकेक करून, वेगवेगळ्या सालात, वेगवेगळ्या रोगांनी मरतात. ती अशी रांगेत कशी पुरली जातील? अशी रांग जगात एकच माणूस लावतो.

आणि मला हसू फुटलं, अण्णा. तू घरात पेटीत, वहिनी रडतायत, आणि मी तुझ्या कबरीच्या काठावर पोट धरून हसतोय. फादर घाबरले. त्यांना वाटलं, धक्का बसला. मी त्यांना सांगितलं. बिशपची गोष्ट, शाळेची पोरं, एका दुपारात परेडीला उभं केलेलं सगळं. तू नुसतं गवत काढलं नव्हतंस. तू दगड उपटून आणून वाटेच्या कडेला सरळ लावले होतेस. बिशपना छान दिसावं म्हणून. आणि म्हातारपणी आपणच हलवलेला पणजोबा शोधत तू मला रविवारी रविवारी निपाणीहून बोलावत होतास.

फादर रांगेकडं बघत राहिले. "म्हणजे ह्या लायनीत कुणाच्याच खाली कोण न्हाय?"

"मागं असतील सगळे. चिंचेकडं. गवतात."

"दर मृतांच्या सणाला मी हितं मेणबत्त्या लावतोय री."

"आम्ही पण."

त्यांनी वाकून खड्ड्यात एकदा बघितलं. मग म्हणाले, नियमानं बघितलं तर ही तुमच्या घरची कबर नव्हेच. पण खड्डा झालाय, माणसं निघालीत, आता काय करणार. "वहिनींना सांगू नका."

पिशवीचं काय करायचं? रिकामी पिशवी घेऊन वहिनींसमोर कसं उभं राहायचं? शिद्रामनं तोडगा काढला. कोपऱ्यात जुन्या हाडांचा खड्डा आहे, त्यातली चार घालू का? "वळख कोण इचारतंय?"

"नको," मी म्हणालो. "दुसऱ्याचा पणजोबा उसना घेऊन आमच्या अण्णाच्या पायाशी? त्यो रांगेवरनं भांडंल त्याच्याशी."

म्हणून मी खाली बसलो आणि तुझ्या सूचनेप्रमाणं पिशवी स्वतःच्या हातानं भरली. मुरुमाची ढेकळं आणि कुंपणाच्या करंजाची वाळलेली मुळं. मुळं बरीच हाडांसारखी वाजतात. एक लांब मूळ मी मुद्दाम शोधलं, मांडीचं हाड म्हणून. उंची तुझ्या मनासारखी ठेवली.

चारला तू आलास. पेटी खाली सोडायच्या आधी वहिनींनी पिशवी मागितली. दोन्ही हातांत घेतली, तान्ह्या पोराला घेतात तशी. छातीशी धरली. म्हणाल्या, "किती हलके झालेत हे."

तेव्हा मला हसू आलं नाही.

त्यांनी क्रूसाचं चुंबन घेतलं, शिद्रामनं पिशवी तुझ्या पायाशी ठेवली, आणि ज्या मातीनं तुझ्यासाठी पणजोबाचं सोंग घेतलं होतं तीच माती मग सगळ्यांनी मूठमूठ तुझ्यावर टाकली. दगड पुन्हा उभा केला. तू लावलेल्या रांगेत एक सूतही इकडचं तिकडं नाही.

आता विचारतो. तुला ठाऊक होतं का? चिंच दिसत नाही म्हणालो तेव्हा तू इतक्या झटकन दुसरं झाड कुठून काढलंस? पहार बघून शिट्टी का मारलीस? 'नीट बघून भर' म्हणालास आणि मग छताकडं बघत बसलास, ते काय सांगायचं होतं? ठाऊक असेल तर तू माझ्याकडून तंबाखू चोळून घेतलीस, हळद लावून घेतलीस, खड्ड्यात पाडलंस, दर रविवारी दोन तासांची बस करायला लावलीस, आणि सगळं एका रिकाम्या जागेसाठी. ठाऊक नसेल तर तू माझ्यापेक्षा मोठा गाढव. दोन्हींपैकी कुठलं मानू? मला दोन्ही आवडतात. दोन्हींपायी तुला परत बोलवावंसं वाटतं, हेही लिहून टाकतो. तू वाचणार नाहीस म्हणून.

काल सातव्या दिवसाची मिस्सा झाली. जेवणं उरकल्यावर वहिनी मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

"भावजी, त्या पिशवीला खालनं तांबडं लागलं होतं."

मी खिडकीतनं बाहेर बघायला लागलो.

"हाडाला तांबडं कुठनं लागंल?"

"वैनी, ते असं झालं..."

"सांगू नका. म्या तिथंच वळखलं. लोकं बघत होती म्हणून गप ऱ्हायले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "हलकी हाय म्हणाले ते तुमच्यासाठी. तुमचं त्वांड बघवंना."

बघ अण्णा. तिकडं मी अख्खा पणजोबा बनवून आणला आणि तुझ्या बायकोनं तो हातात घेताच ओळखला, वर माझीच लाज राखली. माझ्या फजित्यांच्या यादीत ही सगळ्यांत वर.

मग त्यांनी कपाट उघडलं आणि एक घडी काढली. शहापुरी पांढरं कापड, तोंडाला नाडी, लाल दोऱ्याचा क्रूस. दुसरी पिशवी.

"ही?"

"दोन शिवून घेतल्या त्यांनी. एक पणजोबांची. आणि ही त्यांची." वहिनींनी घडी उलगडली. हसायचं की रडायचं ते त्यांचं ठरत नव्हतं. "म्हणाले, पंधरा वर्षांनी पास्क्या माझ्या उरावर येऊन पडणारच हाय, दुसरीकडं कुठं जातोय त्यो. तवा माझी हाडं ह्यात भरा. पण पायाशी ठेवू नका म्हणावं. लाथ मारंल. उशाशी ठेवा."

मी इतकी वर्षं समजत होतो की जागा एकच आहे. तू कापड दोघांचं आणलं होतंस.

पिशवी घेऊन मी निपाणीला आलो. बसमध्ये मांडीवर ठेवली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, आत काय हाय? म्हटलं, अजून काही नाही. घरी आल्यावर साखरेची गोळी घेतली, जी मी गेले दोन महिने टाळत होतो. पंधरा वर्षं काढायची म्हणजे आता हिंडलग्याच्या जागेला भिऊन नाही, तुझ्यामुळं पथ्य पाळायला लागणार. जाता जाता केलेला हा सगळ्यांत दुष्ट उद्योग आहे तुझा. बटाटा बंद, भात बंद.

दगडावर तुझं नाव घालायला मिस्त्री येणार आहे. वरचं झिजलेलं चित्र पण जरा खोल करून देतो म्हणाला, फक्त काय आहे ते सांगा. मी सांगितलंय. तू बघशीलच, तुझ्या बरोबर डोक्यावर येणार आहे ते. तुझ्या जिवंतपणी जे बोललो तेच मेल्यावर बदललं तर तू मला ओळखणार कसा?

आणि माझ्या मुलाला बसवून सगळं समजावलंय. अण्णाकाकाची हाडं स्वतःच्या हातानं भर, कामगारावर सोडू नकोस, आणि आत बघून भर, कारण आमच्या घराण्यात पिशवीत माती भरायची रीत आहे. मग ती पिशवी माझ्या पेटीत ठेव.

"उशाशी न्हवं, बाबा? मोठी आई तसं म्हणाली."

"पायाशी," मी म्हणालो.